‘हो का?’ मधला ‘का’

पाय दुखतात ही गोष्ट माणसाने फोनवर कुणालाही सांगू नये. डॉक्टरला सांगावी, बायकोला सांगावी, अगदीच कुणी नसेल तर पायांनाच सांगावी. पण पलीकडून गोड आवाजात कुणी “काका, तब्येत कशी आहे?” असं विचारलं, की ओळखावं, आता काहीतरी विकत घ्यावं लागणार. हे शहाणपण आज माझ्याकडे आहे. ज्या दिवशी लागणार होतं त्या दिवशी मी ऑफिसात होतो आणि फोन बाबांनी घेतला.

आमचे बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं ऑपरेटर होते. त्यांच्या खात्याचा एक नियम होता: फोन करणाऱ्याने ठेवल्याशिवाय ऑपरेटरने लाइन सोडायची नाही. बाबा निवृत्त झाले, एक्स्चेंज बंद पडलं, त्या इमारतीत आता चपलांचं दुकान आहे. पण नियम काही निवृत्त झाला नाही. राँग नंबर लागला तरी समोरचा ठेवेपर्यंत बाबा रिसीव्हर कानाला लावून अदबीने उभे. त्यांची दुसरी सवय म्हणजे ‘हो का?’. ह्याचा अर्थ ‘हो’ असा नाही. ‘नाही’ असाही नाही. बोला, मी आहे इथे, एवढाच तो अर्थ. आईने अख्खा संसार ह्या ‘हो का?’वर रेटला. ती गेल्यावर बाबांना ‘हो का?’ म्हणायला घरात फारसं काही उरलं नाही. आम्ही होतो, पण आमचं त्यांच्याशी बोलणं म्हणजे “जेवलात का?” आणि “पंखा बंद करा”. ह्यावर कुणी ‘हो का?’ म्हणत नाही.

तीन तारखेला, शनिवारी दुपारी, दोन हमाल एक खोका घेऊन दारात आले. खोका आमच्या कपाटाएवढा नव्हता, पण कपाटाला न्यूनगंड यावा एवढा होता. हमालांनी कागद पुढे केला आणि मी सही केली. न वाचता. माझ्यावर हसण्यापूर्वी एक लक्षात घ्या: मी सत्तावीस वर्षं आवक-जावक विभागात आहे. समोर कागद आला की सही करून घेणे, शिक्का मारणे आणि तारीख घालणे हा माझा धर्म आहे. घरी शिक्का नव्हता म्हणून, नाहीतर तोही मारला असता.

खोक्यातून पाय चोळायचं यंत्र निघालं. सोबत कंपनीचं पत्र. ‘आपण दूरध्वनीवरून दिलेल्या संमतीबद्दल आभार.’

“बाबा, तुम्ही हे मागवलंत?” मी विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले.

“फोन आला होता का?”

“आला होता. एक मुलगी बोलत होती. बरीच बोलली बिचारी.”

“मग तुम्ही हो म्हणालात.”

“मी हो म्हणालो नाही.”

आता एका बाजूला ऐंशीला टेकलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला छापील, जावक क्रमांक घातलेलं पत्र. मी कुणावर विश्वास ठेवला असेल ते सांगायची गरज नाही. ज्या कागदाला जावक क्रमांक आहे तो खोटं बोलत नाही, अशी माझी तोवर श्रद्धा होती.

परत पाठवण्याआधी यंत्र चालतं की नाही ते बघावं, म्हणून मी त्यात पाय घातले. इथे माझी दुसरी चूक झाली. यंत्राने पाय घोट्याच्या वरपर्यंत आत ओढले, करकचून आवळले आणि गिरणीसारखा आवाज करायला सुरुवात केली. वीस मिनिटांचा कार्यक्रम होता. मध्येच थांबवायचं बटण होतं, पण ते यंत्राच्या मागच्या बाजूला होतं. तिथे हात पोचायला माणसाचे पाय यंत्राबाहेर असावे लागतात.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कलमकाका आले. काका कोर्टात कारकून होते. न्यायाधीश सोडून बाकी सगळं आपणच होतो, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. फरशीखालून आवाज येतोय म्हणून भांडायला आले होते, पण मी अडकलेला दिसल्यावर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. सल्ला ऐकायला बांधलेला माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदाच मिळाला असावा.

“काका, आधी ते मागचं बटण दाबा,” मी म्हणालो.

“दाबू हो. आधी कायदा समजून घ्या. दारावर येऊन किंवा फोनवरून गळ्यात मारलेला माल दहा दिवसांत परत करता येतो. कारण द्यावं लागत नाही. लेखी कळवायचं, बस्स.”

“बटण, काका.”

“दहा दिवस आहेत म्हणतोय ना? घाई कसली?”

वीस मिनिटांनी यंत्राने मला सोडलं. पाय सोडले, मोजे ठेवून घेतले. हिने स्वयंपाकघरातून सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, “अहो, चार ओळी लिहा आणि सोमवारी देऊन या. एवढं सोपं आहे ना?”

सोपं होतं, म्हणूनच बिघडलं. पत्रव्यवहारात माझी सत्तावीस वर्षं गेली आहेत. मी चार ओळींचं पत्र लिहीन? पहिल्या मसुद्यात मी ‘विनंती’ म्हटलं. कलमकाका म्हणाले, हक्क आहे, ‘मागणी’ म्हणा. दुसऱ्या मसुद्यात ‘मागणी’ म्हटलं, पण ते भीक मागितल्यासारखं वाटलं. तिसऱ्यात काकांनी चार ठिकाणी ‘सबब’ घातलं. चौथ्यात मी त्यातले तीन काढले. त्यावरून काका दोन दिवस बोलले नाहीत, आणि त्यांना विचारल्याशिवाय पाचवा करायची मला हिंमत होईना. शेवटी मंगळवारी, तेरा तारखेला, मी पत्र स्वतः कंपनीच्या कचेरीत नेऊन दिलं. पोच घेतली. शिक्का इतका स्वच्छ उमटला होता, की मी तो घरी आल्यावर हिला दाखवला. तीन तारखेला माल आला, चारपासून मोजलं तर तेरा हा दहावा दिवस. आमच्या ऑफिसात आवक झाल्याचा दिवस धरत नाहीत.

कंपनीत धरतात. आठवड्याने उत्तर आलं: ‘आपले पत्र अकराव्या दिवशी प्राप्त झाले. सबब मागणी फेटाळण्यात येत आहे.’ ह्या वाक्यातला ‘सबब’ वाचून कलमकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जन्मभर विसरणार नाही.

मग ग्राहक तक्रार कक्ष. दुसरा मजला, शेवटची खोली, दारावर ‘आत या’ लिहिलेलं आणि दार आतून बंद. तीन खेपांनंतर ते उघडलं. आतल्या अधिकारी बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर फायली एवढ्या होत्या, की त्यांचा फक्त चष्मा दिसत होता.

“दहा दिवस गेल्यावर कारण लागतं,” त्या म्हणाल्या आणि एक फॉर्म पुढे सरकवला. “तीन चौकोन आहेत. माल सदोष आहे का?”

मी पायांकडे पाहिलं. “सदोष नाही. फारच कार्यक्षम आहे.”

“फसवणूक झाली? तसं असेल तर सिद्ध करावी लागेल. त्याला वेळ लागतो. नाहीतर तिसरा चौकोन. खरेदीच्या वेळी ग्राहकाची समज पुरेशी नव्हती. वडील ऐंशीचे म्हणताय ना? डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. आठवड्यात निकाल लागतो. सगळे तेच करतात.”

सगळे तेच करतात ह्या वाक्यात फार आधार असतो. मी तिसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली. खूण छोटीशी असते. पेन उचलायच्या आत होऊन जाते.

घरी हिने विचारलं, “बाबांना सांगितलंत?”

“सांगायचं काय त्यात? कागदोपत्री आहे सगळं.”

“अहो, पण त्यांना विचारलंत का?”

मी बाबांना सांगितलं, पाय दाखवायला डॉक्टरकडे जायचंय. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पाय धुतले आणि नखं कापली.

डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. त्यांनी बाबांना विचारलं, “काका, आज तारीख काय?”

बाबा म्हणाले, “तुमच्या मागे कॅलेंडर आहे की.”

डॉक्टरांनी लिहिलं: तारीख सांगता आली नाही.

“काका, तुम्ही फोनवरून एक यंत्र घेतलंत म्हणे.”

“हो का?”

“ते आता परत करायचंय.”

“हो का?”

“तुम्हाला आठवतं का, फोनवर काय ठरलं होतं?”

“काहीच ठरलं नव्हतं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. बाबांना काही समजत नाही हे सांगायला मला एक शब्दसुद्धा बोलावा लागला नाही. डॉक्टरांनी सर्टिफिकेट लिहिलं. निघताना बाबा म्हणाले, “पायाचं काही विचारलंच नाही रे त्यांनी.”

सुनावणीला ग्राहक स्वतः हजर लागतो. मी बाबांना सांगितलं होतं, फक्त बसायचं, काही बोलायचं नाही. खोलीत एक लांब टेबल होतं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला कंपनीचा टाय घातलेला माणूस, मध्ये चष्मा. बाईंनी तक्रार वाचली आणि मग सर्टिफिकेट वाचलं. मोठ्याने वाचतील असं मला वाटलं नव्हतं. ‘सदर इसमाची समज अपुरी असून, व्यवहारातील बोलण्याचा अर्थ त्यांना लागत नाही.’

बाबा माझ्याकडे वळले. “हो का?” म्हणाले.

हे ‘हो का?’ मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यात ‘बोला, मी आहे इथे’ असं काही नव्हतं. मी फायलीची नाडी सोडून पुन्हा बांधली.

टायवाला उठला. म्हणाला, “मॅडम, आमची हरकत आहे. हे गृहस्थ पूर्ण शुद्धीवर आहेत. अत्यंत समंजस आहेत. आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. सत्तेचाळीस मिनिटं ते सुसंगत बोलले आहेत.”

मी उठून म्हणालो, “मॅडम, त्यांना काहीही समजत नाही.”

माझ्या बाबांची बाजू घेणारा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि तो कंपनीचा होता. ही विनोदाची गोष्ट आहे. मी ती ऑफिसात तशीच सांगतो, आणि लोक हसतातही.

टायवाल्याने आधी लेखी प्रत वाचून दाखवली. ‘ग्राहक: हो. ग्राहक: हो. ग्राहक: हो.’ असे एक्केचाळीस हो. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ओरडलोच, “मॅडम, ह्यांनी ‘का’ खाल्लाय! आमचे बाबा ‘हो का?’ म्हणतात. नुसतं हो त्यांनी आईलासुद्धा कधी म्हटलं नाही!”

“टेप लावा,” बाई म्हणाल्या.

टेप लागली. मुलगी यंत्राचे गुण सांगत होती आणि बाबा म्हणत होते, हो का? दहाएक मिनिटांनी मुलगी थकली असावी. मध्येच खोकली. बाबांचा आवाज आला, “पाणी पिऊन घ्या तुम्ही. मी आहे लाइनवर.” मग बाबांनी तिला विचारलं, बसायला बरी खुर्ची आहे का? ती म्हणाली, खुर्ची आहे काका, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठता येत नाही. बाबा म्हणाले, “आमच्याकडेही तसंच होतं. माझे पाय तिथेच गेले.” मग बाबांनी तिला एक्स्चेंजबद्दल सांगितलं. आई पलीकडच्या गावात होती, लग्न व्हायचं होतं, तेव्हा ती पोस्टातून फोन लावायची आणि बाबाच ऑपरेटर असायचे, पण ड्यूटीवर खाजगी बोलायचं नाही, म्हणून ती दुसऱ्याच कुणाचा नंबर मागायची आणि बाबा म्हणायचे, “लाइन बिझी आहे, थांबता का?” आणि ती म्हणायची, “थांबते.” एवढंच. असं वर्षभर. मुलगी म्हणाली, “हो का काका?”

मला हे माहीत नव्हतं. मी पन्नास वर्षांचा आहे, त्याच घरात राहतो, आणि हे मला ग्राहक तक्रार कक्षात, दुसऱ्या मजल्यावर, समोरच्या पक्षाच्या पुराव्यातून कळलं.

शेवटी शेवटी बाबांचा आवाज आला, अगदी स्पष्ट: “हे बघा, यंत्र मला नको. घरात जागा नाही आणि मुलाला आवडायचं नाही. पण तुम्हाला बोलायचं असेल तर बोला. मी आधी फोन ठेवणार नाही.”

लेखी प्रतीत त्या ठिकाणी लिहिलं होतं: ‘अस्पष्ट’.

टायवाला टाय नीट करू लागला. बाबा टेबलाकडे बघत बसले होते. मी सांगतो, मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता, की बाबांचा हात धरावासा वाटला. त्यांनी नको म्हटलं होतं. पहिल्या दिवसापासून ते खरंच सांगत होते.

बाईंनी चष्मा काढला. “आता निकाल कुठल्या मुद्द्यावर लिहू ते तुम्ही सांगा,” त्या मला म्हणाल्या. “फसवणुकीवर लिहायचा तर टेप तपासणीला पाठवावी लागेल. आवाज ह्यांचाच आहे हे ठरलं पाहिजे. आठ महिने, कदाचित वर्ष. तोवर यंत्र तुमच्याकडेच राहील, आणि हे सर्टिफिकेट तुम्हाला मागे घ्यावं लागेल, खोटं दिलं असं लिहून. नाहीतर सर्टिफिकेटवर आजच निकाल देते. उद्या यंत्र उचलतील.”

“हरकत नाही,” टायवाला घाईघाईने म्हणाला. बाबांच्या समंजसपणावरचा त्याचा विश्वास एकदम उडाला होता.

मी विचार केला. म्हणजे, विचार केला असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मला ते यंत्र दिसलं, दाराशी आडवं पडलेलं. डॉक्टर ओळखीचे होते, ते दिसले. ‘खोटं दिलं’ ह्या शब्दांखाली माझी सही दिसली. रोज दोन वेळा त्या यंत्रावरून उडी मारून बाहेर पडणारा मी दिसलो. बाबा शेजारी बसले होते. ते मात्र दिसले नाहीत.

“आजच द्या,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तेच दोन हमाल आले आणि यंत्र घेऊन गेले. मोजे मिळाले नाहीत. कलमकाका अभिनंदन करायला खाली आले आणि म्हणाले, माझ्या ‘सबब’मुळेच जिंकलात.

पण निकालपत्राच्या तळाशी एक ओळ होती, जी मीच आयुष्यभर हजारो पत्रांखाली टाइप केली आहे: ‘प्रत: माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी.’ ह्या ओळीने कुणाचं कधी काही झालेलं मी पाहिलं नव्हतं. ह्यावेळी मात्र सगळीकडे योग्य ती कार्यवाही झाली. पेन्शनच्या कचेरीने कळवलं, की यापुढे ह्यांची सही चालणार नाही, पालकाची आणा. पालक म्हणजे मी. फॉर्मवर ‘पाल्याचे नाव’ असा रकाना होता. तिथे मी बाबांचं नाव लिहिलं. वाचनालयाच्या समितीवर कलमकाका आहेत. त्यांनी आपुलकीने सुचवलं, की पुस्तकं आता तुमच्या नावावर नेत जा, वडिलांना कशाला त्रास? आणि सगळ्यात शेवटी टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. चाळीस वर्षं बाबांच्या नावावर असलेला फोन माझ्या नावावर झाला होता.

ते पत्र बाबांनीच दारात घेतलं. वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. “तुझं आहे,” म्हणाले.

त्यानंतर बाबांनी भांडण केलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. काही विचारलं की म्हणतात, “मला काय समजतं त्यातलं? कागद आहे ना तुझ्याकडे.” भाजी कुठली आणू? मला काय समजतं. पाय कसे आहेत? मला काय समजतं. हिने एकदा टीव्हीवरची बातमी त्यांना मुद्दाम रंगवून सांगितली, पार हातवारे करून. बाबांनी शेवटपर्यंत ऐकली आणि उठून आत गेले. “अहो, ते ‘हो का?’ म्हणाले नाहीत,” ती मला म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

परवा दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी ऑफिसातून घरी फोन लावला. ही बाहेर गेली होती, हे मला माहीत होतं. बराच वेळ घंटी वाजली. मग फोन उचलला गेला. पलीकडे श्वास ऐकू आला.

“बाबा, मी बोलतोय.”

“हं.”

मी ठरवलं होतं ते सगळं बोललो. चुकलं म्हणालो. सर्टिफिकेट मागे घ्यायचा अर्ज करतोय म्हणालो. त्याचा मसुदा तयार आहे, ह्यावेळी चारच ओळींचा, त्यात खोटं दिलं असं स्वच्छ लिहिलंय म्हणालो. आईची गोष्ट ऐकली आणि फार आवडली, पुन्हा सांगाल का म्हणालो. समोरच्या टेबलावरच्या लोकांनी डबे खाता खाता माझ्याकडे पाहिलं, तरी मी बोलत राहिलो. मध्ये मध्ये मी थांबत होतो. दोन शब्दांपुरती जागा ठेवत होतो.

पलीकडून काही आलं नाही.

“बाबा, ऐकताय ना?”

मग खट्ट असा आवाज आला. बाबांनी फोन ठेवला. मी बोलत असताना, माझ्या आधी.

सुट्टी संपली. टेबलावर दुपारची आवक येऊन पडली होती. मी रिसीव्हर कानाला लावून उभा राहिलो. लाइनवर कुणी नव्हतं, हे मलाही समजत होतं.